नवं काही आणायचं नाही

बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही घरात आणू नये, असं आमच्या दोन्ही घरांत मानतात. माहेरी सांगलीला आणि सासरी वाईला. एरवी आमटीत गूळ किती घालावा यावरही या दोन घरांचं एकमत नाही, पण या बाबतीत दोन्ही आया एका सुरात बोलतात. पाळणा नाही, झबलं नाही, खुळखुळासुद्धा नाही. लागेल ते जुनं, कुणाचं तरी वापरलेलं, मागून आणलेलं, धुतलेलं. नवं काय आणायचं ते बारशाला.

मला सुरुवातीला हे ऐकून हसू आलं होतं. पुण्यात कर्वेनगरला राहणाऱ्या माणसाला आज डायपर हवे असतील तर फोनवर बोट ठेवायचं, चहा उकळेपर्यंत दारात येतात. त्यामुळे आधी आणून ठेवायची गरज तशीही उरलेली नाही आणि नियम पाळायला फुकटात जमतो. पण मग आजी आठवली. तिला मुलं किती असं विचारलं की ती ‘राहिलेली चार’ असं सांगायची. त्यापलीकडे तिनं कधी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. 1951 च्या सुमाराला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दीडशेच्या आसपास बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. अशा काळात हौसेनं शिवलेलं झबलं पेटीत तसंच घडी घातलेलं सापडणं म्हणजे काय असेल, ते ज्या बायकांनी सोसलं त्यांनीच हा नियम केला असणार. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत हा आकडा देशासाठी 28 आणि महाराष्ट्रासाठी 16 आहे. खूप खाली आलाय. पण सोळा म्हणजे शून्य नव्हे, आणि आठव्या महिन्यात रात्री तीनला जाग आली की माणूस हिशेबात फार कच्चा होतो. मी नियम पाळायचं ठरवलं.

मग घरात जे सुरू झालं ती खरेदी नव्हती, दुरुस्ती होती.

पहिला आला पाळणा. वाईच्या घराच्या माळ्यावर तो होता, त्यात नवरा झोपलाय आणि त्याच्या आधी सासरेही झोपलेत. सागवानी, चारी बाजूंना कातीव दांड्यांचा कठडा, वर कड्या. कधीतरी कुणीतरी त्याला लाल, पिवळा, हिरवा असा ऑइलपेंट दिलेला, त्याचे पोपडे निघत होते. तळाची नवार सैल पडून तिची झोळी झाली होती. एका बाजूची एक दांडी गायब. सासूबाईंचं म्हणणं, दांडी नवऱ्यानंच लहानपणी बॅट म्हणून उपटली. नवरा म्हणतो, तो आरोप काकावर होता.

मी म्हटलं पुसून घेऊ आणि वापरू. नवरा मात्र अशा बाबतीत आधी वाचतो. त्यानं सांगितलं की घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत 90 भागांवर आणायचा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या चकचकीत लाल-पिवळ्या रंगात काय काय असेल, सांगता येत नाही. शिशाची धूळ पोटातल्या बाळाला वाईट, आणि दात यायच्या वयात कठडा चावणाऱ्या बाळाला त्याहून वाईट. म्हणून मी पाळण्याला हातसुद्धा लावायचा नाही, असं फर्मान निघालं. पाळणा वाईहून थेट धायरीच्या एका सुतारकाकांकडे गेला. कोरडा कागद घासायचा नाही, पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा, असं नवऱ्यानं त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “साहेब, चाळीस वर्षं लाकडाचा भुसाच खातोय.” पण मास्क लावला. निदान नवरा तिथं उभा असेपर्यंत.

रंग उतरल्यावर खाली जे लाकूड निघालं ते बघून आम्ही पुन्हा रंग द्यायचा विचारच सोडला. नुसतं कच्चं जवसाचं तेल. बाजारात मिळणारं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लवकर वाळतं, पण ते वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते नको. कच्चं तेल सावकाश वाळतं. पुण्याच्या पावसाळ्यात तर ते वाळतच नाही. जुलैभर पाळण्यावरून बोट फिरवलं की बोट चिकटायचं आणि काका म्हणायचे, “पिऊ द्या त्याला.”

गायब दांडीच्या जागी काकांनी नवी कातून बसवली. इतर दांड्यांना मध्ये दोन फुगे आणि एक कडं आहे, हिला तीन फुगे. विचारलं तर म्हणाले, “ओळखू आली पाहिजे ना माझी.” दांड्यांमधलं अंतर मात्र नवऱ्यानं पट्टी लावून मोजून घेतलं, सहा सेंटीमीटरच्या वर कुठंच नको, नाहीतर बाळाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. नवारीच्या जागी सपाट फळी बसवली, कारण बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावरच निजवायचं, झोळीत नाही, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलंय. आता फळी नवी की जुनी? हा प्रश्न वाईला फोनवर गेला. सासूबाईंनी निकाल दिला, “पाळणा जुना आहे ना? मग फळी दुरुस्तीत धरायची.” उच्च न्यायालयानंही इतक्या चटकन दिला नसता.

पाळणा टांगायचा कुठं हे मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हतं. वाईच्या घरात माजघराच्या तुळईला कड्याच आहेत. घर बांधतानाच लोकांनी गृहीत धरलं होतं की इथं पाळणा लागणार. आमच्या फ्लॅटच्या स्लॅबला खोलीत एकच हूक, त्याला पंखा. बिल्डरनं पाळणा गृहीत धरलेला नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला स्लॅबला भोक पाडून बोल्ट ठोकतो, हत्ती टांगला तरी हलणार नाही. नवऱ्यानं हत्तीचा विषय तिथंच थांबवला आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेतला. (स्टँड बाळाचा नाही, पाळण्याचा. हाही निकाल वाईचाच.)

जूनच्या अखेरीला एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि घरातली कामं एकदम गंमतीची राहिली नाहीत. झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. एरवी या आजारानं ताप येतो, अंगावर पुरळ येतं, माणूस बरा होतो. पण गरोदर बाईला झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, डोकं लहान राहू शकतं. महापालिकेचे लोक गर्भवतींचे नमुने घेऊन राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवू लागले. एरंडवणं आमच्यापासून किती जवळ आहे ते सांगायला नको. ज्या दिवशी बातमी वाचली त्या संध्याकाळी नवरा टेप घेऊन सगळ्या खिडक्या मोजत होता.

जाळी चिकटपट्टीची बसवली. ती चौकटीला लागते की नाही हे सगळं खिडकीची चौकट किती कोरडी आहे यावर असतं, आणि पावसाळ्यात चौकट कोरडी ठेवायची म्हणजे हेअर ड्रायर मारत बसायचं. कुंड्यांखालच्या बशा काढल्या. फ्रिजच्या मागं एक ट्रे असतो, त्यात पाणी साठतं, हे मला लग्नाला पाच वर्षं होऊन माहीत नव्हतं. गच्चीवर कुणाचा तरी टायर होता, त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर भांडण झालं, टायर कुणाचाच निघाला नाही. भरदुपारी पूर्ण बाह्यांचा कुडता आणि पायात मोजे घालून मी ऑफिसच्या मीटिंगला बसायचे. कॅमेऱ्यात मोजे दिसत नाहीत हे बरं.

ऑफिस चालू होतं, अजूनही चालू आहे. मातृत्व रजा 2017 च्या दुरुस्तीनंतर 26 आठवड्यांची झाली, त्यातले जास्तीत जास्त आठ आधी घेता येतात. मी सगळेच नंतरसाठी राखून ठेवायचं म्हणतेय. नवऱ्याच्या कंपनीत बापाला मोजून एक आठवडा, कारण खासगी नोकरीत बापाच्या रजेचा कायदाच नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असता तर पंधरा दिवस तरी मिळाले असते. माझा असा अंदाज आहे की त्याची ही सगळी पट्टी, टेप आणि जवसाचं तेल त्या न मिळणाऱ्या रजेचीच भरपाई आहे. बोलून दाखवलं नाही. त्याला पटलं असतं आणि मग त्यानं त्यावरही वाचलं असतं.

कपडे चुलत जावेकडून आले. तिच्या मुलाची झबली, टोपडी, लंगोट, आणि त्याच्याही आधी तिच्या भाचीच्या अंगावरून आलेली दोन कुंच्या. एवढी मुलं वापरून झालेल्या कापडाला एक मऊपणा येतो, तो दुकानात विकत मिळत नाही. सगळं उकळत्या पाण्यातून काढलं आणि इथंच घोडं अडलं. कारण वाळणार कुठं? 24 जुलैच्या रात्रीपासून जो पाऊस लागला, त्यात खडकवासल्यातून पाणी 35 हजार क्युसेकच्या वर सोडलं आणि नदीपलीकडे सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, लष्कर बोलवावं लागलं. तिथं लोक छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना बाहेर काढत होते आणि इथं मी ओल्या लंगोटांवर पंखा लावून बसले होते. आपल्या काळजीचा आकार केवढा, हे त्या दिवशी टीव्हीसमोर बसून नीट कळलं. तरी लंगोट वाळवावे लागलेच. शेवटी इस्त्री. एकेक लंगोट, दोन्ही बाजूंनी, वाफ निघेपर्यंत.

पावसाळ्यात सांगलीच्या माणसाचा फोन आयर्विन पुलापासून सुरू होतो. आई आधी कृष्णेची पातळी सांगायची, मग माझ्या पायाची सूज विचारायची. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. ती दोन्ही चौकशा एकाच आवाजात करायची. पाणी उतरलं तशी ती आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर इथले आहेत म्हणून या वेळी माहेरच पिशव्या घेऊन पुण्याला आलं. एका पिशवीत आजीची दोन इरकली लुगडी होती.

वाकळ तिनंच शिवायला घेतली. लुगड्याचे काठ आधी उसवून काढले, कारण काठाचा धागा वेगळा आणि ताठ असतो, बाळाच्या गालाला घासला तर ओरखडा उठतो. मधलं सुती अंग मात्र वर्षानुवर्षं धुऊन असं झालेलं की हातात घेतलं तर कापड आहे हे कळायला क्षणभर लागावा. चार पदर एकावर एक पसरले, कोपऱ्यांवर वजनाला डाळीचे डबे ठेवले आणि तिनं कडेनं धावदोरा घालायला सुरुवात केली. कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन असं आत आत जायचं. मधेच उलटं वळायचं नाही, नाहीतर कापड एका बाजूला गोळा होतं. मला जमिनीवर बसणं आता जमत नाही, बसले तर उठायला क्रेन लागेल, म्हणून मी खुर्चीवर बसून सुईत दोरा ओवून द्यायचा. एवढंच काम. तिचा चष्मा गेल्या वर्षी बदललाय, तरी ओवायला ती माझ्याकडेच द्यायची. टाके कुठं बारीक, कुठं लांब. मालिका लागली की लांब होतात असं माझं निरीक्षण आहे.

ती शिवता शिवता आजीबद्दल बोलली. हे लुगडं कुणाच्या लग्नातलं, ते कुठल्या बाजाराचं. ‘राहिलेली चार’ यातली तीही एक. बाकीच्यांबद्दल मी विचारलं नाही, तिनं दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, “एकाचं नाव ठेवलं होतं.” मग पुढचा दोरा मागितला.

आमचे वादही झाले. आईला मोहरीची उशी शिवायची होती, बाळाचं डोकं गोल येण्यासाठी. डॉक्टर म्हणतात उशीच नको, कुठलीच, श्वास कोंडण्याची भीती असते. आई म्हणाली, “तुझं डोकं बघ की आरशात, कसं आहे? मोहरीच्या उशीवरचं आहे ते.” यावर काय बोलणार. सासूबाईंकडे गुटीचा डबा तयार होता, मुरूडशेंग, वेखंड, हळकुंड, मायफळ, जायफळ, सगळं उगाळायची सहाणही घासून ठेवलेली. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही आणि मध तर वर्षभर नाही, हे मी त्यांना घाबरत घाबरत सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “बरं. मग सहा महिन्यांनी उगाळू.” आणि डब्यात वेखंडाशेजारी तारखेची चिठ्ठी ठेवली. उशीचं मात्र अजून मिटलेलं नाही. आईनं ती शिवलीच, आता म्हणते दूध पाजताना माझ्या कोपराखाली घ्यायला आहे.

डोहाळजेवण ऑगस्टमध्ये झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, सगळं रीतसर. दोन वाट्या झाकून पुढं आल्या, एकीत बर्फी, एकीत पेढा, आणि मी कुठली उघडते याकडे साऱ्या बायकांचे डोळे. सोनोग्राफीला जाताना दर वेळी भिंतीवर ती पाटी वाचलीय, फॉर्मवर सही केलीय की मला लिंग जाणून घ्यायचं नाही. गर्भलिंगनिदानावर देशात सगळ्यात आधी कायदा महाराष्ट्रानं केला, 1988 मध्ये. केंद्राचा 1994 चा. तो कायदा का लागला हे त्या खोलीतल्या वयस्कर बायकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मला ती वाटी उघडावीशी वाटेना. खेळ आहे, हौस आहे, कबूल. पण ‘पेढा’ म्हटल्यावर जो एक आवाज उठतो तो ‘बर्फी’ला उठत नाही, हे प्रत्येक डोहाळजेवणात ऐकलेलं आहे. मी दोन्ही वाट्या एकदम उघडल्या आणि दोन्ही खाल्ल्या. साखरेच्या तपासणीत आकडा काठावर आलेला असताना, हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

मग गणपती. यंदा मला वाईला जाता येणार नव्हतं म्हणून सासूबाई गणपतीच इथं घेऊन आल्या. 7 सप्टेंबरला बसवला. आणि पाचव्या दिवशी आई आणि सासूबाई पुन्हा एका सुरात बोलल्या. घरात गरोदर बाई असताना विसर्जन करत नाहीत. पंचांगवाले दर वर्षी सांगतात की असं काही शास्त्रात नाही, खुशाल विसर्जन करा. नवऱ्यानं तेही वाचून दाखवलं. उपयोग शून्य. तर आता गणपती बाळाच्या खोलीत कपाटावर बसलाय, शाडूची मूर्ती, दमट हवेनं सोंडेजवळ थोडी पांढरी पडलेली, आणि त्याच्या खाली तो तेल प्यायलेला पाळणा. मुक्काम किती दिवसांचा हे त्यालाही माहीत नाही.

हॉस्पिटलनं सामानाची छापील यादी दिलीय. तिच्यातल्या निम्म्या वस्तू नव्याच लागतात, कापूस, डायपर, बाळाचं नखकात्र. त्यात आता पितृपक्ष चालू, म्हणजे नव्याचं नाव काढायलाच नको. नवऱ्यानं तोडगा काढला. सगळं ऑनलाइन कार्टमध्ये भरून ठेवलंय, पैसे भरलेले नाहीत. “पैसे भरले नाहीत म्हणजे आणलं नाही,” तो म्हणतो. कळा सुरू झाल्या की गाडीत बसता बसता बटण दाबायचं. सासूबाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “चालेल. पण दाबताना गणपतीकडे बघून दाब.”

आता शेवटचं एकच राहिलंय, वरवंटा. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंट्याला निजवतात. त्याला कुंची घालून, गोपा म्हणून, पाळण्याखालून वरून एकमेकींकडे द्यायचा. शिवाय रिकामा पाळणा हलवायचा नसतो, त्यामुळे स्टँडवर पाळणा कसा झुलतो हे बघायचं असलं तरी आत काहीतरी जड हवंच. सध्या आम्ही दहा किलो आट्याची पिशवी ठेवून बघितलं, उजवीकडे किंचित कललाय. पण आटा काही गोपा होऊ शकत नाही. आमच्याकडे मिक्सर आहे, आईकडे मिक्सर आहे, आणि वाईचा पाटा-वरवंटा स्वयंपाकघराच्या दुरुस्तीत कुठं गेला ते कुणी सांगत नाही. सोसायटीत विचारत गेलो. खलबत्ता मिळाला, बत्ता देऊ केला, चकलीचा सोऱ्यासुद्धा एकीनं दाखवला. शेवटी तळमजल्यावरच्या काकूंकडे निघाला. काळा, एका टोकाला टवका उडालेला, हात फिरून फिरून मधे गुळगुळीत. त्यांच्या मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेला.

“न्या की,” काकू म्हणाल्या, “पण बारशाच्या आदल्या दिवशी न्या आणि दुसऱ्या दिवशी परत आणा. तो नसला की माझं दार रात्रभर आपटतं.”